हे आलं कुठून?

‘काहीतरी हटके आणा ना यार!’

ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. ऐकलं नसेल, तर दुसऱ्याला ऐकवलेलं तरी असतं. मग ते नव्या प्रॉडक्टचं पॅकेट असो, ॲन्युअल पार्टीची थीम असो, नाहीतर आपल्याच वन रूम किचनमधली हॉलची भिंत असो. पुढे काय होतं तेही सगळ्यांना पाठ आहे. आपण मोबाइल उघडतो, दोन-तीन ॲप्सवर बोटं फिरवतो, पंचवीस फोटो सेव्ह करतो, त्याला ‘मूडबोर्ड’ असं भारदस्त नाव देतो आणि कामाला लागतो. गंमत अशी की समोरच्या कंपनीतली मंडळीही त्याच वेळी तेच पंचवीस फोटो सेव्ह करत असतात. म्हणून तर हल्ली प्रत्येक कॅफेत तोच पिवळा बल्ब लोंबतो, तीच करड्या रंगाची भिंत असते आणि ठाण्यातला कॅफे कुठला, पुण्यातला कुठला हे बिलावरचा पत्ता वाचल्याशिवाय कळत नाही!

तुम्ही म्हणाल, मग काय करायचं? इन्स्पिरेशन मिळवायला पॅरिसला जायचं? लीव्ह कोण देणार आणि ईएमआय कोण भरणार? तर मंडळी, टेन्शन नाही. फंडा एकदम सिम्पल आहे. रोज नजरेखालून जाणारी एक वस्तू पकडायची आणि तिला एकच प्रश्न विचारायचा : हे आलं कुठून? कोणी केलं, कशासाठी केलं, असंच का केलं? या प्रश्नाचा पिच्छा पुरवला की आयडिया तर मिळतेच, शिवाय उसनी आयडिया आणि ढापलेली आयडिया यातला फरकही कळायला लागतो. आणि हा फरक आज जाम महत्त्वाचा आहे. कसा? सुरुवात आपल्या शू-रॅकपासून करू.

पायातली वहाण, रॅम्पवर

जीन्सवर कुर्ता आणि पायात कोल्हापुरी हा आपला कॉलेजपासूनचा हिट फॉर्म्युला. ट्रॅडिशनल डे असला की शू-रॅकच्या तळातून ती जोडी बाहेर येते, दोन दिवस अंगठा चावते आणि परत आत जाते. आता ती एकदा हातात घेऊन नीट बघा. खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो. चामडं चामड्याच्याच वादीने शिवलेलं असतं. ते कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. तो मधासारखा रंग तिथूनच येतो. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ‘कान’, वर बारीक वेणी, अंगठ्याला गोल कडी. वेणीचं नाजूक काम बऱ्याच घरांत बायका करतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकात बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ साली कोल्हापुरी चपलेचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. चर्मकार समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही विद्या. यांच्या कामाला दाद मिळाली, पण यांना स्वतःला समाजाने मान दिला का? याचं उत्तर आपल्याला माहीत आहे.

आता सीन बदला. जून २०२५, मिलान. प्राडा या बड्या इटालियन ब्रँडचा पुरुषांच्या कपड्यांचा शो. रॅम्पवर मॉडेल येतात आणि त्यांच्या पायात... अरेच्चा, ही तर आपली कोल्हापुरी! फक्त शोच्या वर्णनात नाव होतं ‘लेदर सँडल्स’. ना कोल्हापूरचा उल्लेख, ना भारताचा. मग जे व्हायचं ते झालं. सोशल मीडिया पेटला, कारागीर चिडले, महाराष्ट्रातल्या व्यापारी चेंबरने पत्र पाठवलं आणि काही दिवसांतच कंपनीने मान्य केलं की हे डिझाइन भारतातल्या पारंपरिक हस्तकलेवरून सुचलेलं आहे. प्रकरण तिथेच थांबलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याची घोषणा झाली. २ हजार जोड इथल्याच कारागिरांकडून करून घ्यायचे आणि जगभर विकायचे, असं ठरलं. एका जोडीची किंमत जाहीर झाली साधारण ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या पुढे!

या स्टोरीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला जरा टोचणारा : जे आपल्या शू-रॅकमध्ये धूळ खात पडलं होतं, ते सातासमुद्रापलीकडच्या कोणाच्या तरी नजरेत भरलं. त्याने नीट बघितलं, आपण नाही. दुसरा धडा त्याहून मोठा. एखाद्या गोष्टीवरून काही सुचणं हा गुन्हा नाही. जगातलं सगळं डिझाइन असंच पुढे जातं. गडबड होते ती नाव गाळल्यावर. कल्पना करा, तुम्ही रात्रभर जागून केलेली स्लाइड दुसऱ्याच कोणीतरी मीटिंगमध्ये आपली म्हणून दाखवली. डोकं फिरतं ना? त्या कारागिराचं नेमकं तेच झालं होतं. फक्त त्याचं एका रात्रीचं काम नव्हतं, पिढ्यांचं होतं.

उसनं घ्या, पण आपलं करा

मग उसनवारी करायची तरी कशी? याचं झक्कास उत्तर मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवर उभं आहे. चर्चगेटला उतरून फोर्टकडे जाणारी हजारो माणसं रोज ओव्हल मैदान ओलांडतात. कानात इअरफोन, नजर घड्याळावर. एकदा मैदानाच्या मधोमध थांबा. पूर्वेला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर. टोकदार कमानी, दगडी नक्षी, एकोणिसाव्या शतकातला व्हिक्टोरियन गॉथिक थाट. आता तोंड पश्चिमेकडे वळवा. तिथे १९३०-४०च्या दशकांतल्या आर्ट डेको बिल्डिंग्जची रांग. एका मैदानाच्या दोन बाजूंना दोन वेगळी शतकं! या अख्ख्या समूहाला, मरीन ड्राइव्हसकट, युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आर्ट डेको ही स्टाइल आपली नव्हे. १९२५ साली पॅरिसला भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनानंतर तिची जगभर हवा झाली. त्या काळात आगबोट, मोटार, विमान म्हणजे एकदम कूल! म्हणून या इमारतींच्या बाल्कन्या बोटीच्या डेकसारख्या गोलाकार, कठडे आडव्या पट्ट्यांचे, काही खिडक्या तर थेट बोटीच्या गोल खिडक्यांसारख्या. पण मुंबईच्या आर्किटेक्ट्सनी नुसती कॉपी मारली नाही. इथे चार महिने पाऊस धो धो कोसळतो आणि उरलेले आठ महिने ऊन भाजून काढतं. म्हणून खिडक्यांवर लांबच लांब छज्जे आले, डोळ्यांवर भुवया असाव्यात तसे. बाहेरून आणलेल्या फॅशनला मुंबईने छत्री दिली म्हणा ना!

तसंच पुढे फोर्टात, महात्मा गांधी रोडवरच्या न्यू इंडिया ॲश्युरन्स बिल्डिंगपाशी मान वर करून बघा. १९३०च्या दशकातली ही इमारत मास्टर, साठे आणि भुता या आर्किटेक्ट फर्मची. दर्शनी भागावर शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी घडवलेल्या उंचच उंच आकृत्या आहेत. घाट आर्ट डेकोचा, पण आकृत्या ग्रीक देवांच्या नाहीत. आपल्या मातीतल्या, काम करणाऱ्या माणसांच्या. उसनं घेऊन आपलं करणं म्हणजे काय, हे शिकायला यापेक्षा स्वस्त क्लास नाही. फी : शून्य रुपये. वेळ : लंच अवरमधली वीस मिनिटं.

स्क्रीनवरचं मंगल

बरं, तुम्ही मुंबईत नाही. पुण्यात आहात, नाशकात आहात, अगदी बंगळुरूत पीजीमध्ये आहात. हरकत नाही. कॉम्प्युटर तर आहे? मराठीत कधीतरी टाइप केलंच असेल, तर ‘मंगल’ हा फॉन्ट तुम्ही बघितलेला आहे. ‘विंडोज २०००’ आलं तेव्हापासून तो लाखो कॉम्प्युटर्सवर आहे. इतका सवयीचा की तो कोणी काढलाय, हा प्रश्नच पडत नाही. तो काढला आर. के. जोशींनी. जन्म १९३६, निधन २००८. कवी, कॅलिग्राफर, जाहिरात क्षेत्रातले नामवंत आर्ट डायरेक्टर आणि नंतर आयआयटी मुंबईच्या डिझाइन सेंटरमध्ये शिकवणारे प्रोफेसर. बोरू आणि ब्रश हातात घेऊन अक्षरांशी खेळणारा माणूस, आणि त्यानेच देवनागरीला पडद्यावरच्या इवल्याशा चौकोनांत नीट बसवलं. जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार, सगळा संसार घेऊन!

आणि ज्यांच्या घरी मराठी पेपर येत होता, त्यांनी कमल शेडगे यांची अक्षरं बघितली नाहीत असं होणं अवघड. २०२० साली ते गेले. पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचं नाव अशा वळणाने यायचं की ते विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की डोळ्यांत पाणी काढणारं आहे, हे तिकीट काढण्याआधीच कळायचं. फोटो नाही, रंग नाही, नुसतं अक्षर! पुढच्या वेळी प्रेझेंटेशनच्या टायटलला फॉन्ट निवडताना स्वतःला एवढंच विचारा : हे अक्षर काही बोलतंय का, की नुसतंच उभं आहे?

गोव्याच्या अलीकडे एक तास

ट्रॅव्हलशिवाय इन्स्पिरेशनची गोष्ट पूर्ण कशी होणार? आपली गँग वर्षातून एकदा तरी गोव्याला जातेच. मुंबई-गोवा हायवेने जाताना सावंतवाडीचा बोर्ड लागतो. आपण काय करतो? ‘अजून किती राहिलं रे?’ विचारतो आणि परत झोपतो. या वेळी गाडी आत वळवा. लाकडी खेळण्यांचं हे गाव गंजिफांचंही आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते : एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकडे. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू, बघताक्षणी ओळख पटते. आता ॲप डिझाइन करणाऱ्या मंडळींनी सांगावं, हा ‘आयकॉन सेट’ नाही तर काय आहे? शंभर-सव्वाशे चित्रं, सगळी एका घराण्यातली, तरी कुणाची कुणाशी गल्लत नाही. तेही कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय!

ही कला विसरली जाण्याच्या बेतात होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ती पुन्हा उभी केली. कशी? उरलेल्या म्हाताऱ्या चितारी कारागिराकडून स्वतः शिकून. राजवाड्यात आता कलाकार बसून रंगवताना दिसतात. तिथे तासभर बसलं, तर गोव्याच्या बीचचं काही बिघडत नाही.

करायचं काय?

थिअरी झाली, आता प्रॅक्टिकल. एक छोटी वही घ्या. मोबाइलही चालेल, पण वहीत नोटिफिकेशन येत नाहीत. आठवड्याला एकच वस्तू निवडा. आजीची नऊवारी, बसच्या पाटीवरचा आकडा, सोसायटीच्या जुन्या जिन्याची जाळी, चहाच्या टपरीवरचा ग्लास. काहीही चालेल. आणि चार ओळी लिहा.

एक, मी काय बघितलं? फोटो न काढता, शब्दांत. लिहिताना डोळे आपोआप बारीक होतात.

दोन, हे कोणी आणि का केलं? माहीत नसेल तर विचारा. आजीला विचारा, टपरीवाल्या काकांना विचारा. माणसं स्वतःच्या कामाबद्दल भरभरून बोलतात. त्यांना विचारणारं कोणी नसतं, एवढंच.

तीन, यातलं माझ्या कामात काय येईल? अख्खी वस्तू उचलायची नाही. एक रंग, एक रचना, एक युक्ती. छज्जासारखी.

चार, नाव. कोणाकडून घेतलं ते लिहून ठेवा. आणि काम पूर्ण झालं की शेवटच्या स्लाइडवर, पॅकेटच्या मागे, नाहीतर मीटिंगमध्ये तोंडाने, ते नाव घ्या. ‘ही आयडिया सावंतवाडीच्या गंजिफेवरून सुचली’ असं म्हटल्याने तुमची किंमत कमी होत नाही. उलट समोरचा सावरून बसतो आणि म्हणतो, ‘अरे, हे काय असतं? सांग ना!’

या चार ओळींतली शेवटची सगळ्यात कमी वेळ घेते. फार तर दहा सेकंद. मिलानच्या त्या रॅम्पवर हे दहा सेकंद वाचवले गेले होते. आपण ते खर्च करू या.