नामवंतांची यादी आणि डोंबिवली

डोंबिवलीचा सगळ्यात प्रसिद्ध रहिवासी कधी जन्मालाच आला नाही. निशिकांत कामत यांच्या २००५ सालच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला माधव आपटे, संदीप कुलकर्णी यांनी उभा केलेला तो बँकेतला सरळमार्गी नोकरदार. दोन वर्षांनी तमिळमध्ये त्याचाच आर. माधवन झाला. आजही परगावी कुणाला ‘मी डोंबिवलीचा’ म्हणून सांगा, समोरचा हसतो आणि ‘फास्ट?’ म्हणून विचारतो. माधव आपटे नावाचा एक खराखुरा माणूस मुंबईत होता, भारताकडून सात कसोटी सामने खेळलेला सलामीवीर. त्याचा आणि आमचा काही संबंध नाही, पण आमच्या पडद्यावरच्या आपट्याने बिचाऱ्याचं नाव पळवलं.

यंदाच्या अंकात ‘आमच्या गावचे नामवंत’ असा विभाग करायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, सोपं काम आहे. पाचपन्नास नावं जमतील, फोटो मिळतील, चार पानं भरतील. नावं भरपूर आली. पण उपनगरात ‘आमचा माणूस’ म्हणायचं कुणाला, हे आधी ठरवावं लागतं. सातारा, नाशिक, कोल्हापूर यांना हा प्रश्न पडत नाही. तिथला माणूस नाव कमावतो तेव्हा मागे गाव दिसतं. सीएसएमटीपासून अठ्ठेचाळीस किलोमीटरवरच्या आमच्या गावातला माणूस सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री साडेआठला परततो. कर्तृत्व मुंबईत गाजवतो, सत्कारही तिथेच घेतो. आमच्याकडे येतो तो दमलेला. त्याचा पत्ता आमचा, बाकी सगळं मुंबईचं. तेव्हा आम्ही एकच अट घातली: ज्याने आपली संध्याकाळ या गावाला दिली, तो आमचा.

या अटीवर पहिले पास होतात शं. ना. नवरे. ‘गुंतता हृदय हे’, ‘सूर राहू दे’ ही नाटकं, ‘आनंदाचं झाड’सारखं पुस्तक, ‘शन्नाडे’सारखं सदर, मुंबईच्या रंगभूमीने आणि वृत्तपत्रांनी त्यांना हवं तितकं काम दिलं. पण शन्ना डोंबिवलीतच राहिले आणि २५ सप्टेंबर २०१३ रोजी इथेच गेले. त्यांच्या कथेतली माणसं फार मोठी पापं करत नाहीत, फार मोठे त्यागही करत नाहीत. समीक्षकांना हा गुळगुळीतपणा वाटला. आम्हाला तसं वाटत नाही. दोन खोल्यांत पाच माणसं नांदवायची तर एकमेकांना सांभाळून घेण्याचं एक कसब लागतं, आणि ते कसब शन्नांनी जितकं बारकाईने पाहिलं तितकं फार थोड्यांनी पाहिलं.

त्यांच्याच गावात पु. भा. भावे राहिले, हा एक विनोदच म्हणायचा. धुळ्यात जन्मलेले, नागपुरात तापलेले भावे. नवकथेच्या चार प्रवर्तकांत गाडगीळ, गोखले आणि माडगूळकर यांच्या बरोबरीने त्यांचं नाव घ्यावं लागतं. लेखणी धगधगती, मतं कडवी हिंदुत्ववादी, व्यासपीठावर उभे राहिले की सभा एक तर डोक्यावर घेई नाही तर उठून जाई. १९७७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या राजकारणाशी आमचं जुळत नाही आणि ते लपवण्याचं कारणही नाही. पण कथा काढून वाचा, वाक्य अजून चटका देतं. एकाच गावाने एवढा मऊ आणि एवढा जहाल असे दोन लेखक सांभाळले, ही त्या गावाची जमेची बाजू.

तिसरा पोरसवदा. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातला, पण वाढ डोंबिवलीची, शाळा इथलीच. वडील ‘बेस्ट’मध्ये नोकरीला. रिक्षा परवडत नव्हती म्हणून धाकट्या भावाला एका हातावर आणि किटबॅग दुसऱ्या हातात घेऊन आई सरावाला चालत सोडायची, हे त्यानेच मुलाखतींत सांगितलं आहे. पुढे मुंबईला जायची वेळ आली. पहिल्या दिवशी वडील बरोबर, दुसऱ्या दिवशी ‘आता एकटा जा’ म्हणाले. आणि पोराला न कळू देता मागच्या डब्यात बसून गेले. ज्याने सकाळची लोकल पाहिली नाही त्याला यातलं काही कळणार नाही. डोंबिवलीला गाडी येते तेव्हा ती आधीच भरलेली असते. जागा हवी म्हणून माणसं आधी उलटी कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. दारात उभ्या असलेल्यांना आत सरका म्हणायचं तर आत सरकायला इंचभर जागा नसते. अशा गर्दीत एक शाळकरी मुलगा आणि त्याच्याएवढीच किटबॅग. बॅग रॅकवर टाकायची तर हात पोहोचत नाही, पायाशी ठेवायची तर लोक करवादतात. त्या डब्यातल्या किती जणांनी त्याला शिव्या घातल्या असतील! त्यांपैकी अनेकांनी २०१४ साली लॉर्ड्सवरच्या त्याच्या १०३ धावांना आणि २०२० च्या डिसेंबरात कर्णधार म्हणून मेलबर्नला काढलेल्या ११२ धावांना टाळ्या वाजवल्या असतील, हेही तितकंच खरं. छत्तीस धावांत सर्वबाद झालेल्या संघाला घेऊन त्याने ऑस्ट्रेलियातली मालिका जिंकून आणली, तेव्हा इथे जो तो सांगत होता की हा थंडपणा लोकलने शिकवला. आमचं असंच असतं; पोराच्या स्वभावाचं श्रेयही आम्ही मध्य रेल्वेला देतो.

वाचकांकडून आलेल्या सुचवण्या पुढे ठेवून बसलो तेव्हा आडनावं बघून जरा थांबलो. जोशी, कुलकर्णी, आपटे, देशपांडे. जणू हे गाव पुण्याहून गाडीने येऊन उतरलं. आयरे, पाथर्ली, चोळे, नवागाव ही गावं कुणाची होती? ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर आमच्या सोसायट्या उभ्या आहेत, त्या आगरी घरांतली नावं सुचवण्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. या समाजात वारकरी विचार रुजवणारे सावळाराम महाराज म्हात्रे यांचं नाव एका क्रीडासंकुलावर आहे. त्या मैदानावर मुलांना रोज सोडायला जाणाऱ्या कितीकांना हे महाराज कोण ते ठाऊक नसतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच संकुलात भरलं. यजमान होतं आगरी यूथ फोरम, अध्यक्ष नागपूरचे अक्षयकुमार काळे आणि साहित्यनगरीला नाव पु. भा. भाव्यांचं. आगरी संतकीर्तनकाराच्या नावाच्या मैदानात, आगरी तरुणांच्या संस्थेने, नागपूरहून आलेल्या भाव्यांच्या नावाने मांडव घातला. आमच्या गावचं पूर्ण चित्र एका ठिकाणी बघायला मिळालं ते त्या तीन दिवसांत. मंडपात भाषणं काय झाली ते फारसं कुणाच्या लक्षात नाही.

गाव कुणाला लक्षात ठेवतं याचा आणखी एक पुरावा रिक्षात बसलं की मिळतो. ‘विको नाका’, ‘घरडा सर्कल’ असं सांगितलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेल्या विकोचा कारखाना इथे आला, पेंढरकरांच्या नावाने कॉलेज झालं. केकी घरडा हे पारशी रसायनतज्ज्ञ, त्यांच्या कंपनीने चौकाला नाव दिलं. ही नावं कुठल्या समितीने ठरवून दिलेली नाहीत, लोकांच्या तोंडी बसली. हे कारखाने ज्या औद्योगिक वसाहतीत आहेत, त्याच एमआयडीसीच्या प्रदूषणाने २०१४ मध्ये हिरवा पाऊस दाखवला आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यातल्या स्फोटांत कामगार गेले. त्यांची नावं एकाही चौकाला नाहीत.

दिवाळी अंकात फडके रोडविषयी न लिहिणं म्हणजे गुन्हा. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून नवे कपडे घातलेली तरुण मंडळी गणेश मंदिराकडे निघतात ती दर्शनापेक्षा एकमेकांना बघायला, आणि त्यात गैर काही नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या याच मंदिराच्या संस्थानातून १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा निघाली. कल्पना आबासाहेब पटवारी यांची. पुढे गिरगाव, ठाणे करत ती महाराष्ट्रभर गेली आणि आता प्रत्येक गावाला ती आपलीच जुनी परंपरा वाटते. मुंबईने आमच्याकडून उचललेली गोष्ट म्हटली की आम्हाला एवढी एकच आठवते, म्हणून वारंवार सांगतो.

राहिले भाऊ साठे. सदाशिव साठे, जन्म १९२६ चा. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९६१ पासून तिथे उभा. त्यांचं ‘शिल्पालय’ आमच्या एमआयडीसीत. रसायनांच्या वासातून वाट काढत जायचं आणि समोर एकामागून एक घडवलेले चेहरे बघायचे. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्यावरचा लेख या अंकात सगळ्यात मोठा आहे, आणि तो वाचून कल्याणकर चिडणार हे आम्हाला ठाऊक आहे, कारण साठे मुळात त्यांचे. १९८३ पासून महापालिका एक, २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात गेलेली वस्ती एक, पाणी आणि खड्डेही एक. फक्त नामवंतांची वाटणी झालेली नाही. पत्रं जरूर पाठवावीत. पुढच्या अंकात छापू, पण लेख मागे घेणार नाही.