एकाच लॅपटॉपवर दोन व्हीपीएन: भांडण नेमकं कशावरून होतं?

ऑफिसचं व्हीपीएन चालू केलं की स्वतःचं बंद पडतं, स्वतःचं चालू केलं की ऑफिसचं पोर्टल उघडत नाही. घरून काम करणाऱ्यांची ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. त्यामागे थोडं तंत्र आहे आणि थोडं सरकारी धोरणही.

धोरणाचं आधी उरकू. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवावी. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच काढून टाकले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला मात्र या नियमातून सूट मिळाली. म्हणजे आज तुमच्या लॅपटॉपवरचं खासगी व्हीपीएन बहुतेक वेळा परदेशातल्या सर्व्हरला जोडलेलं असतं आणि ऑफिसचं ऑफिसला.

आता भांडण. कुठलं पॅकेट कुठल्या वाटेने पाठवायचं याचा एक तक्ता कॉम्प्युटरकडे असतो, त्याला राउटिंग टेबल म्हणतात. त्याचा नियम साधा: जी नोंद जास्त नेमकी, ती जिंकते. ओपनव्हीपीएन याचा हुशारीने फायदा घेतं. सगळ्या इंटरनेटचे ते दोन अर्धे भाग करतं, ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१. या नोंदी मूळ वाटेपेक्षा नेमक्या असल्यामुळे मूळ नोंद न पुसताही सगळा ट्रॅफिक बोगद्यात शिरतो. पण दोन क्लायंटनी हेच केलं तर? दोघांच्या नोंदी सारख्याच, मग कोण जिंकेल हे मेट्रिकवर आणि कोण आधी चालू झालं यावर ठरतं. त्यात ऑफिसचे काही क्लायंट या तक्त्यावर पहारा ठेवतात. दुसऱ्याने नोंद बदलली की ते ती परत फिरवतात, नाहीतर कनेक्शनच तोडतात. खासगी व्हीपीएनचा किल स्विच याच्या उलट वागतो, आपल्या बोगद्याबाहेरचं सगळंच अडवतो.

नशिबाने दोन्ही चाललेच, म्हणजे एकात एक, तरी पॅकेटमधली जागा कमी होते. साध्या नेटवर्कवर १५०० बाइटचं पॅकेट जातं, वायरगार्डमध्ये साधारण १४२०, दुसऱ्या बोगद्यात आणखी कमी. मग चॅट चालतं, पण मोठी फाइल अर्ध्यावर लटकते, आणि आपण वायफायला शिव्या देत बसतो.

माझ्या मते खरा धोका न चालण्यात नाही, अर्धवट चालण्यात आहे. विंडोज वेबसाइटचं नाव एकाच वेळी अनेक नेटवर्कच्या डीएनएसला विचारू शकतं. खासगी व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवत असतं आणि तुम्ही कुठल्या साइट उघडल्या त्यांची नावं ऑफिसच्या डीएनएसकडे जात असतात. नोकरी शोधणाऱ्याला हे महागात पडू शकतं. उलट बाजूने, खासगी बोगद्यातून ऑफिसला लॉगिन केलंत तर सकाळी पुण्यात असलेला माणूस दहा मिनिटांत ॲमस्टरडॅमला दिसतो. सिक्युरिटी टीमने खातं गोठवलं तर त्यांची काय चूक?

फोनवर हा गोंधळ वेगळा आहे. अँड्रॉइड एका प्रोफाइलमध्ये एकच व्हीपीएन चालू देतं. दुसरं चालू केलं की पहिलं गुपचूप सुटतं. वरच्या पट्टीतली किल्ली मात्र तशीच दिसत राहते, फक्त मालक बदललेला असतो. जाहिराती अडवणारी बरीच ॲप्सही हीच जागा वापरतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. वर्क प्रोफाइलला स्वतंत्र व्हीपीएन मिळतं, म्हणून फोनवर ऑफिसचं काम तिथेच ठेवलेलं बरं.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्यावर खासगी व्हीपीएन टाकूच नका. लॅपटॉप तुमचा असेल तर ऑफिसचं क्लायंट व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवा (कंपनीच्या नियमात बसत असेल तर). तिथे तक्ताच वेगळा असतो, त्यामुळे भांडण उरत नाही. स्प्लिट टनेलिंगही चालतं, पण ऑफिसने ते बंद ठेवलं असेल तर जुगाड न करता आयटीला विचारा. आणि खासगी व्हीपीएन ‘डिस्कनेक्ट’ करून भागत नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन किल स्विचही बंद करा. अनेकदा अडून बसलेला तोच असतो.