बसलेला सेल रिकामा नसतो



आपल्या आळे परिसरात टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्यात घालायच्या वस्तूला 'सेल'. सेल बसला की तो फळीवर पडतो, खिडकीत पडतो, नाहीतर लेकरांच्या खेळण्यात जातो. भरलेला कोणता आणि बसलेला कोणता, याचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की हा हिशेब ठेवणे आता आरोग्याचे काम झाले आहे. पंचशील घेतलेल्या घरात तर ते शीलाचेही काम आहे.

जुना सेल बसला तर फार तर फुटून पांढरी पूड बाहेर यायची. आता घरोघर आलेला सेल वेगळा आहे. रात्रपाळीच्या विजेवर कांद्याला, टोमॅटोला पाणी भरायला जाणारा माणूस बिबट्याच्या भीतीने डोक्याला चार्जिंगची बॅटरी बांधून निघतो. तिच्यात बहुधा बोटापेक्षा जाड असा लिथियमचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. हीच जात ई-सिगारेटमध्ये, म्हणजे पोरे ज्याला 'व्हेप' म्हणतात त्यातही असते. छोट्या व्हेपमध्ये तिचीच धाकटी भावंडे असतात.

व्हेपचे नाव काढले की वडीलधारी म्हणतात, "ते शहरातले खूळ, आपल्याकडे कुठे?" पण पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना मिळतात. शिकायला पुण्याला आणि कामाला चाकणला गेलेली आपली पोरे सणाला याच फाट्यावर उतरतात. त्यांच्या खिशात पेनासारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू असेल, तर आईला ती ओळखू येत नाही. तिला विडीचा वास नसतो, आंब्याचा किंवा पुदिन्याचा असतो.

देशात ई-सिगारेटवर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणे, आयात करणे, विकणे, जाहिरात करणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. या बंदीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. निकोटीनची सवय मोडणे किती कठीण असते, हे तंबाखू सोडवताना आम्ही घरोघर पाहतो. ज्यांना सोडायचे आहे त्यांनी १८००-११२-३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करावा.

काहीजण विचारतील, बंदी असलेल्या वस्तूच्या बॅटरीची काळजी घ्यायला शिकवणे म्हणजे त्या व्यसनाला हातभार लावणे नव्हे काय? आम्हाला तसे वाटत नाही. वस्तू घरात आलीच, तर ती ओढणाऱ्यापुरती राहत नाही. ती उशाखाली चार्जिंगला लागते, धुण्याच्या कपड्यांत जाते, लहान भावंडाच्या हाती लागते. अमेरिकेत सिएटलच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१६ साली ई-सिगारेट फुटून भाजलेल्या १५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. मांडी, हात आणि तोंड भाजण्याचे प्रकार त्यात होते. काहींना आगीशिवाय बॅटरीतील रसायनानेही इजा झाली होती.

हे कसे घडते ते समजून घेऊ. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. उतरत उतरत तो ३ व्होल्टच्या आसपास आला की वस्तू बंद पडते आणि आपण म्हणतो, "सेल बसला." पण त्याच्यात करंट शिल्लक असतो आणि पेट घेणारे द्रवही तसेच असते. असा सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात पडला, की त्याची दोन्ही टोके धातूने जोडली जातात आणि तो तापतो. भरलेला असेल तर क्षणात पेटू शकतो. अडीच व्होल्टच्याही बऱ्याच खाली गेलेल्या सेलमध्ये आतले तांबे विरघळू शकते. असा सेल पुन्हा चार्जरला लावला तर तो आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. आणि दोन सेल लागणाऱ्या वस्तूत एक भरलेला व एक बसलेला घातला, तर ताकदवान सेल कमजोर सेलला फरपटत नेतो आणि तो कमजोर सेलच बिघडतो. म्हणून हिशेब हवा.

तो अवघड नाही. झाकणाचे दोन प्लॅस्टिकचे डबे घ्या. एकावर 'भरलेले' लिहा, दुसऱ्यावर 'बसलेले'. सुटा सेल डब्याबाहेर ठेवायचा नाही, खिशात तर मुळीच नाही. जोडीने वापरायचे सेल जोडीनेच घ्या, त्यांच्यावर मार्करने क्रमांक आणि महिना लिहा. ती जोडी एकत्र भरायची, एकत्र वापरायची, एकत्रच बाद करायची. शंका आली तर मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे मीटर असतो, दोन मिनिटांत व्होल्ट कळतात. फुगलेला, वेष्टण फाटलेला, चेपलेला किंवा अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा भरू नका. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर आडोशाला ठेवा. चार्जिंग जागेपणी करा, गादीवर किंवा कडब्याजवळ नको.

भाजलेच तर तापलेले कपडे लगेच काढा आणि वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे जखम धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. दवाखान्यात गेल्यावर "बॅटरीने भाजले" असे स्पष्ट सांगा, कारण रसायनाच्या जखमेची तपासणी वेगळी असते. लहान मुलाने बटणासारखा सेल गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नका. दोन तासांत अन्ननलिका जळू शकते, म्हणून थेट एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठा.

आता खरा प्रश्न. बाद झालेला सेल जातो कुठे? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरी इतर कचऱ्यात टाकायची नाही, आणि ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणजे हेडलाईट विकणाऱ्या कंपनीला निदान जाब तरी विचारता येतो. पण व्हेपवर बंदी असल्याने कायद्याच्या दृष्टीने तिला उत्पादकच नाही. चोरून आलेली वस्तू चोरूनच फेकली जाते. एकदाच वापरायच्या व्हेपमधला सेल तर बहुतेकदा चांगला धडधाकट असतो. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले की असे सेल साडेचारशेहून अधिक वेळा पुन्हा भरता येतात. त्या देशाने १ जून २०२५ पासून अशा व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली. एवढी ताकद अंगात असलेला सेल आपल्याकडे ओल्या कचऱ्यात जातो, घंटागाडीत दाबला जातो, आणि शेवटी एखाद्या बाईच्या उघड्या हातात येतो.

ती बाई कोण असते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या त्या बायांमध्ये बहुसंख्य आपल्याच समाजाच्या आहेत. गावकीची घाण आपल्याच माथी का, या प्रश्नाला भिडत बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतन गेले, पण दुसऱ्याच्या चैनीचा कचरा उचलण्याची पाळी गेली नाही. उलट त्या कचऱ्यात आता आग आली आहे. म्हणून आमच्या दृष्टीने सेलवर चिकटपट्टी लावणे हे नीटनेटकेपणापुरते काम नाही. ज्या बहिणीला आपण कधी पाहणार नाही, तिच्या हाताची ती राखण आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. आळे, आळेफाटा आणि जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक मोठ्या गावात ग्रामपंचायतीने बाद सेलसाठी वाळूचा डबा ठेवावा आणि तो अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवावा. तिथे व्हेप टाकायला आलेल्या पोराला नाव-गाव विचारू नये. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे, तो तिथेच राहू द्यावा. घंटागाडीवरील कामगारांना जाड हातमोजे आणि गाडीत वाळूची बादली द्यावी. शाळा-कॉलेजांभोवती व्हेप विकणाऱ्यांवर गुन्हे दाखल व्हावेत. आणि विहारात, विशेषतः वर्षावासात ग्रंथवाचनाला सगळे जमतात तेव्हा, दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. पोरांना तिथे रागावू नये, डबे कसे करायचे ते दाखवावे.

पाचवे शील आपण नशेविरुद्ध म्हणून रोज म्हणतो. पण त्या शीलात नशा वर्ज्य मानली आहे ती प्रमादाचे, म्हणजे बेफिकिरीचे कारण म्हणून. धुराची नशा न करणाऱ्या घरातही सेलची बेफिकिरी असेल, तर ते शील अर्धेच पाळले गेले. तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्रमादाचाच उपदेश केला होता. तो मोठ्या गोष्टींसाठी आहे तसा फळीवरच्या दोन डब्यांसाठीही आहे. येत्या रविवारी घरातले सगळे सेल एका ताटात गोळा करा, मोजा आणि वेगळे करा. किती निघतात ते पाहून तुम्ही स्वतःच चकित व्हाल.

नमो बुद्धाय, जयभीम!