हे ज्ञान कोणाच्या भाषेत?

लातूरचे नाव शिक्षणक्षेत्रात गाजले ते ‘पॅटर्न’मुळे. विज्ञान म्हणजे बारावीचे गुण आणि प्रवेशपरीक्षा, हे समीकरण तेथे इतके रुजले आहे की निकाल लागताच पुस्तके रद्दीत जातात. नांदेडही त्या वाटेवर फार मागे नाही. अशा वातावरणात चाळिशी ओलांडलेल्या गृहिणीने, निवृत्त शिक्षकाने वा शेतकऱ्याने विज्ञान ऐकावे असे कोणी सुचवले, की उत्तर ठरलेले असते : “आता या वयात कशाला? आणि हवेच असेल तर मोबाइलवर सारे काही आहे की!” आमच्या धर्मग्रामांतील सुशिक्षित मंडळीही हेच म्हणतात. या उत्तराला आमचा ठाम विरोध आहे.

मोबाइलवर पुष्कळ आहे, हे आम्ही नाकारत नाही. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ २०१७ पासून चालू आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर हवामानबदल, भूगर्भ, जैवविविधता या विषयांवरील ऑनलाइन व्याख्यानांना पूरच आला. वयाची अट नाही आणि अनेकदा शुल्कही नाही. पण त्यांतील फार मोठा भाग इंग्रजीत आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्था मराठीतून विज्ञान सांगत आल्या आहेत, परंतु या पुरात त्यांचा आवाज तो केवढा! जी माउली मराठीतच प्रार्थना करते, तिच्यासाठी इंग्रजी व्याख्यान विनामूल्य असले काय आणि नसले काय.

हा भाषाभिमानाचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. त्यांना भूकंपाइतकेच त्यांच्या घरांनी मारले. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांत दोन्ही बाजूंना सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीच्या भाराने दबलेले माळवद. भिंतीत आरपार दगड घालावेत, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा बांधावा, छताचा भार कमी करावा, हे अभियंत्यांना ठाऊक होते. ते इंग्रजी ग्रंथांत होते. गावच्या गवंड्यापर्यंत आले नव्हते. १९९२ च्या शरदात त्याच परिसरात धक्के बसत होते, लोक भयभीत होऊन विचारत होते. त्या वर्षभरात कोणी त्यांच्या बोलीत सांगितले असते तर? आज तेच ज्ञान चित्रफितीत आहे, पण भाषा तीच.

पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. मांजरा धरण आटले होते आणि माणसे कर्ज काढून बोअर अधिकाधिक खोल नेत होती. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरांत साठते. खोल गेल्याने ते लागेलच असे नाही. किल्लारीला शास्त्रज्ञांनी छिद्र घेतले तेव्हा हा पाषाण सुमारे ३४० मीटर जाडीचा निघाला. ही गोष्ट शेतकऱ्याला समजायला पदवी लागत नाही. ती सांगणारा लागतो.

आता स्वतःकडे पाहू. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राचा पहिलाच अध्याय हवामान, पाणी व जैवविविधता यांविषयी विज्ञान काय सांगते ते मांडतो. शेवटचा अध्याय पर्यावरणशिक्षणाला वाहिलेला आहे. आम्ही त्याचे काय केले? एका रविवारी प्रवचन, एक रोपटे, एक छायाचित्र. रोपटे मे महिन्यात वाळले. (छायाचित्र मात्र टिकले.) फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण मराठीत सिद्ध केले. परक्या देशातून आलेल्या धर्मगुरूने जे कष्ट घेतले ते घरच्या पदवीधरांना जड का जावेत?

“उपासनेलाच माणसे टिकत नाहीत, व्याख्यानाला कोण बसणार?” हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. माणसे न कळणाऱ्या गोष्टीला बसत नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते. सभागृह आहे, पडदा आहे, इंटरनेट आहे. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर एखादे चांगले व्याख्यान लावावे, दर दहा मिनिटांनी थांबवून मराठीत समजावावे आणि मग प्रश्न घ्यावेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकवले जाते. तेथील अध्यापकांना आदराने बोलवावे. धर्मग्रामातील महाविद्यालयीन मुलांनी दुभाष्याचे काम करावे. परीक्षेसाठी पाठ केलेले भूशास्त्र त्यांनाही त्या दिवशी प्रथमच कळेल.

पहिला विषय आम्ही सुचवतो. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली परिसरात भूकंप झाला, धक्के नांदेडपर्यंत जाणवले आणि माणसे घाबरून घराबाहेर आली. आपले घर दगडमातीचे असेल तर परत आत जाण्यापूर्वी भिंतीत काय पाहावे, आणि ते कोणाला दाखवावे?