पाठमोरी भिंत

यंदा रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात येथील हौशी कलावंतांनी केलेला 'घाशीराम कोतवाल'चा प्रयोग पाहण्याचा योग आला. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत यांनी ते गाजले, त्याला विरोधही झाला आणि १९८० साली ते युरोपातही पोचले. एवढे वर्गात ऐकले होते. नाटक मात्र प्रथमच पाहिले.

पडदा उघडतो आणि माणसांची एक रांग गणपतीला वंदन करीत डोलू लागते. हीच रांग पुढे रस्ता होते, दार होते, पुणेकर होते. ओठांवर देवाचे नाव आणि पाय बावनखणीकडे! नाना फडणवीस पोरीच्या बदल्यात घाशीरामाला कोतवाली देतो, तेव्हा ही भिंत पाठ फिरवते. शेवटी घाशीराम दगडांखाली मरतो, त्याला कोतवाल करणारा नाना सुखरूप राहतो आणि भिंत पुन्हा नाचू लागते.

नानांची बदनामी झाली, असे काही जण आजही म्हणतात. परंतु हे ऐतिहासिक नाटक नाही, असे खुद्द तेंडुलकरांनीच सांगून ठेवले आहे. माझ्या मते यातला खरा उपहास नानाचा नाहीच, तो भिंतीचा आहे. भिंत नसती तर नानाचे काय चालले असते?

प्रयोग संपल्यावर जिन्यात एक सहाध्यायी म्हणाला, "काय कल्पक मांडणी आहे!" मी मान डोलावली, पण मनात चरकलो. ती डोलणारी रांग मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कोकणातल्या खेळ्यांची, नमनाची ती रांग. शिमग्यात आमच्या वाडीत नमन उभे राहते, त्यात माझे वडील मृदंग वाजवतात. प्रथम वर्षाला असताना याच मित्रमंडळींत कुणीतरी म्हणाले होते, "खेळे म्हणजे अडाण्यांचा धांगडधिंगा." तेव्हा मी सर्वांबरोबर हसलो होतो. वडिलांचे नावही काढले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तेवढ्याने मी पाठ फिरवायला शिकलो!

आजच्या नमनात सिनेमाच्या चालींची भेसळ होते, विनोद कधी पातळ होतो, हे मान्य. पण काळ्या वेषातला संकासुर समोर बसलेल्या गावकाराची टोपी उडवतो, तेव्हा गावकाराला तेथेच बसून हसावे लागते. नाट्यगृहात आपण अंधारात बसतो, अडीचशे वर्षांपूर्वीच्या पुण्याला हसतो आणि निर्धास्त घरी जातो. उपहास आपल्यापर्यंत पोचला नाही, तर तिकिटाचे पैसे फुकट गेले असेच म्हणावे लागेल.

म्हणून माझी सूचना आहे : येत्या स्नेहसंमेलनात एक रात्र नमनाला द्यावी. 'लोककलेचा नमुना' म्हणून दहा मिनिटे नव्हे, गणापासून वगापर्यंत. आणि संकासुराला आम्हां विद्यार्थ्यांवर, प्राध्यापकांवरही बोलण्याची मुभा असावी.

सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना नाटकाची गोष्ट सांगितली, त्या रांगेचे वर्णन केले. ते मृदंगाला शाई लावत बसले होते. वर न पाहता म्हणाले, "मंग ते आपलंच खेलं की रं!"

मी "होय" म्हणालो. हे 'होय' मित्रांपुढे म्हणायचे राहिले होते, ते आज येथे लिहितो आहे.