लिंकनचे पत्र आणि कापसाचा जमाखर्च



जिल्ह्याच्या बैठकीत चर्चा भावावरून पुढाऱ्यांवर घसरली की एक वाक्य हमखास कानावर येते : "आपल्याला एक लिंकन पाहिजे." म्हणणारा बहुधा चार बुके शिकलेला असतो. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींना तर अमेरिकेचे सगळे राष्ट्राध्यक्ष ओळीने पाठ आहेत. ओंडक्यांच्या खोपटात जन्मलेला कोण, भुईमूग पिकवणारा कोण, कोणाला गोळी लागली, सारे सालवार सांगतात. गुरुजींचा अभ्यास दांडगा आहे आणि त्यांचे प्रेम खरे आहे. त्यांची टिंगल करण्याचा हेतू नाही. उलट, परदेशाचा इतिहास वाचणारा माणूस खेड्यात आहे ही अभिमानाची गोष्ट आहे.

माझे म्हणणे एवढेच, की अमेरिकेचा इतिहास आपल्याला परका नाही. तो आपल्या धुऱ्यापर्यंत येऊन गेला आहे, अजूनही येतो. म्हणून तो तसबिरींच्या बाजूने न वाचता पऱ्हाटीच्या बाजूने वाचला पाहिजे.

भिंतीवरचे पत्र

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत जा. हेडमास्तरांच्या खोलीत लिंकनने आपल्या मुलाच्या शिक्षकाला लिहिलेले पत्र टांगलेले दिसेल. कवी वसंत बापटांनी ते मराठीत आणले आणि ते घरोघरी पोचले. पत्र सुंदर आहे. पण लिंकनने ते लिहिले याचा पुरावा नाही. लिंकनची पत्रे, भाषणे, टिपणे जमवून छापली गेली आहेत. त्यांत हे पत्र सापडत नाही.

पत्र लिंकनचे नसले म्हणून त्यातला उपदेश खोटा ठरत नाही. खटकते ते वेगळेच. जे त्याने लिहिले नाही ते प्रत्येक भिंतीवर आहे, आणि ज्यावर त्याने खरोखर सह्या केल्या ते शेतकऱ्याच्या पोरांना कोणी सांगितले नाही. १८६२ सालचा मे महिना आणि जुलैचे पहिले दोन दिवस घ्या. १५ मे रोजी त्याने शेतीखाते उघडण्याच्या कायद्यावर सही केली. २० मे रोजी कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन देण्याच्या कायद्यावर सही केली; अट एवढीच, की पाच वर्षे तिथे राहायचे आणि जमीन वहितीखाली आणायची. २ जुलै रोजी प्रत्येक राज्याला शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढण्यासाठी सरकारी जमीन देण्याच्या कायद्यावर सही केली. त्याच कॉलेजांच्या धर्तीवर स्वतंत्र भारतात कृषी विद्यापीठे निघाली. १९६० साली पंतनगर, १९६९ साली अकोला. माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला कृषी पदवी मिळाली, तिचे मूळ त्या सहीपर्यंत जाते. ऋण मान्य करायला लाज कसली?

पण जमाखर्च म्हटला की दोन्ही रकाने भरावे लागतात. ती १६० एकर जमीन रिकामी नव्हती. तिच्यावर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मूळच्या लोकांना मागे रेटून ती मोकळी केली होती. त्याच १८६२ सालच्या २६ डिसेंबरला मिनेसोटात डाकोटा जमातीच्या ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली गेली. लष्करी अदालतीने तीनशेवर माणसांना फाशी फर्मावली होती. लिंकनने बहुतेकांची शिक्षा थांबवली आणि या नावांना मंजुरी दिली. एकाच वर्षात, एकाच लेखणीने हे सारे झाले. हा माणूस देव नव्हता आणि राक्षसही नव्हता. देव मानला की एक रकाना पुसावा लागतो, राक्षस मानला की दुसरा.

लिंकनची लढाई आणि हिंगणघाटचा कापूस

१८६२ साल आपल्याही ओळखीचे आहे. त्याच वर्षी नागपुरातून तोडून वर्धा जिल्हा वेगळा झाला. तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातून येत असे. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि मँचेस्टरच्या गिरण्या ओस पडल्या. इंग्रज कापूस शोधत हिंदुस्थानात आला. हिंगणघाटच्या कापसाचे नाव आधीच होते. आता त्याला सोन्याचे दिवस आले. मुंबईत भाव कित्येक पटींनी चढले.

१८६५ साली लढाई संपली. भाव जसे चढले तसेच कोसळले. मुंबईतल्या सट्टेबाज पेढ्या बुडाल्या, त्याची वर्णने पुस्तकांत आहेत. खेड्यात ज्याने तेजीच्या भरवशावर सावकाराचा कागद केला त्याचे काय झाले, हे फार थोड्यांनी लिहिले. आगगाडी नागपूरला पोचली १८६७ साली, म्हणजे तेजी ओसरल्यावर. भाव निघून गेला, कापूस वाहून नेणारा रस्ता मात्र कायमचा झाला. वऱ्हाडात आणि वर्धेच्या खोऱ्यात ज्वारीचे वावर कापसाखाली जात राहिले. ज्वारीचे पेव घरच्या दुष्काळाचा विमा होते. कापूस विकून दाणे आणायचे तर बाजाराच्या दयेवर राहणे आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ती दया किती महाग असते ते आपल्या पणजोबांना कळले.

लिंकनने आपले वाईट चिंतले होते काय? मुळीच नाही. त्याला हिंगणघाट ठाऊकही नसेल. मुद्दा तोच आहे. आपला भाव ज्या माणसाच्या निर्णयाने ठरतो त्याला आपले नावही ठाऊक नसते.

जोतीबांनी नमस्कार कोणाला केला?

अमेरिकेच्या इतिहासावर प्रेम करणारा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८७३ साली 'गुलामगिरी' छापले तेव्हा त्यांनी ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले. नीट पाहा, अर्पण लोकांना आहे. एकट्या राष्ट्राध्यक्षाला नाही. जोतीबा तसबिरींचे भक्त नव्हते. परदेशातली गोष्ट त्यांनी इथल्या शूद्रातिशूद्रांच्या कामासाठी उचलली आणि दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सरकारी कामगार कुणब्याला कसा लुबाडतात याचा हिशेब मांडला. इतिहासाचा अभ्यास असा कामाला यावा.

त्या मुक्तीचे पुढे काय झाले तेही वाचावे. लढाई संपता संपता, जानेवारी १८६५ मध्ये, जनरल शर्मनने दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन सुटलेल्या गुलामांना चाळीस चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नंतर आलेला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. गुलाम सुटला, पण वावराशिवाय सुटला. मग तो बटईने कापूस करू लागला. बी-बियाणे, मीठ-पीठ दुकानदाराकडून उधार, आणि उभे पीक दुकानदाराकडे गहाण. दुकानदाराची एकच अट असे : कापूसच पेरायचा. हिशेबाच्या दिवशी वही दुकानदाराकडे, तराजू दुकानदाराचा. ही गोष्ट आर्वी-समुद्रपूरच्या म्हाताऱ्याला सांगितली तर तो विचारील, "हे अमेरिकेतले सांगतोस की आमच्या गावातले?"

हरलेल्यांचा विजय

आता गुरुजी विचारतील, "पण सही करणारा राष्ट्राध्यक्षच होता ना? तो नसता तर कायदा कोणी केला असता?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर इतिहासातच आहे. शेती कॉलेजांचा कायदा लिंकनच्या आधी मंजूर होऊन आला होता. १८५९ साली राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन याने तो नाकारला. जमिनीचा कायदा १८६० साली त्याच्यापुढे आला, तोही नाकारला. म्हणजे खुर्चीवर कोण बसतो याला महत्त्व आहेच. पण मागणी खुर्चीतून निघाली नव्हती. ती नाकारली तरी मेली नाही, म्हणूनच पुढच्याला सही करण्याची संधी मिळाली.

याहून मोठा दाखला कापूसवाल्यांचा आहे. १८७० च्या दशकात टेक्सासच्या शेतकऱ्यांनी संघटना उभारायला सुरुवात केली. कापसाचे भाव वर्षानुवर्षे घसरत होते. १८९४ च्या सुमारास पौंडाला पाच सेंटही मुश्किलीने मिळत. त्यांची एक मागणी होती, ती आपल्या कामाची आहे. सरकारने गोदामे बांधावीत, शेतकऱ्याने माल तिथे ठेवावा, किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत स्वस्त व्याजाने उचल घ्यावी आणि भाव आल्यावर विकावे. शहरातल्या पेपरांनी हसून घेतले. १८९२ साली या शेतकऱ्यांच्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी माणूस उभा केला. दहा लाखांवर मते पडली, तो हरला. १८९६ साली त्यांनी ब्रायनला पाठिंबा दिला, तोही हरला. गुरुजींच्या यादीत या दोघांची नावे नाहीत, कारण ते राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत.

पण १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्टने कापसावर पौंडाला १० सेंट उचल देण्याची योजना सुरू केली. ती याच हरलेल्या लोकांच्या मागणीची नात होती. चाळीस वर्षे लागली. मागणी करणारे बहुतेक मातीआड गेले होते. श्रेय रूझवेल्टच्या नावावर जमा झाले. होऊ द्या; पण पेरणी कोणी केली होती ते आपण विसरू नये.

ती माणसे हरली का, हेही वाचावे लागेल. गोऱ्या शेतकऱ्यांची संघटना वेगळी होती आणि काळ्यांची वेगळी. १८९१ साली काळ्या वेचणीवाल्यांनी मजुरीसाठी संप पुकारला तेव्हा गोऱ्या शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांनी त्याला विरोध केला. अर्कान्सासमध्ये संपवाल्यांना हुडकून ठार मारण्यात आले. पुढे निवडणुकीत "काळा की गोरा" एवढाच प्रश्न विचारून गोऱ्या शेतकऱ्याला फोडणे सोपे गेले. आपल्याकडे रंगाच्या जागी जात ठेवा. वेचणारणीच्या मजुरीवरून मालक आणि मजूर भांडतात तेव्हा व्यापाऱ्याचा काटा निवांत असतो. मजुरी वाढली तर ती भावात धरली गेली पाहिजे, ही मागणी दोघांची एक झाली तरच तिला वजन येईल.

तसबिरी बदलतात, कापूस तोच

रूझवेल्टच्या उचलीची पुढे कशी वाढ झाली तेही सांगितले पाहिजे. २००२ साली राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश यांनी नव्या शेती कायद्यावर सही केली. त्या देशात कापूस पिकवणारे सुमारे २५ हजार. त्यांच्यासाठी तिजोरी उघडली. नुकत्याच सरलेल्या २००१-०२ च्या हंगामात जगाच्या बाजारात कापूस मातीमोल झाला होता. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, २००५ साली अपिलातही जिंकला, आणि अखेर २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. पैसे ब्राझीलला मिळाले. विदर्भातल्या कापूसवाल्याला त्यातला छदामही मिळाला नाही, कारण त्याच्या वतीने दावा कोणी लावलाच नव्हता.

अलीकडचे पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली. कापड आणि कपडे निर्यात करणारे ओरडले. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून दिल्लीने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली सीतादही, दसरा, दिवाळी, सगळी वेचणी त्यात आली. हमीभाव जाहीर होता लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. वॉशिंग्टनने मारले गिरणीवाल्याला. गिरणीवाल्याचा वळ दिल्लीने आपल्या पाठीवर उठवला. १८६५ ला जे झाले त्याची ही सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे.

म्हणून भावांनो, लिंकनची वाट पाहू नका. लिंकन आला तरी सही करायला त्याच्यापुढे कागद लागेल, आणि तो कागद आपल्यालाच लिहायचा आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी : नांगरटीपासून वेचणीपर्यंत एकरी खर्च, घरच्या माणसांची मजुरी धरून, माल कोणत्या तारखेला, कोणाला, काय भावाने गेला. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. आपल्या बाजार समितीत ती कोणत्या मालाला, किती टक्के आणि किती दिवसांत मिळते याची चौकशी करून लिहून आणावे. आयात शुल्क वेचणीच्या हंगामात हलवायचे नाही, ही मागणी त्या आकड्यांवर उभी करू. वेचणाऱ्या बायांनाही बैठकीला आणा. त्यांच्या मजुरीचा आकडा त्यांच्याच तोंडून वहीत लिहू.

गुरुजींना माझी विनंती आहे. राष्ट्राध्यक्षांची यादी तुम्हाला पाठ आहेच. आता टेक्सासच्या त्या हरलेल्या कापूसवाल्यांची गोष्ट गावोगावी सांगा. वहीत आकडे लिहायला पोरांना तुमच्याइतका चांगला मास्तर दुसरा मिळायचा नाही.