दंड कोणाच्या हातीं ?

२६ डिसेंबर २०२४ रोजीं मेलबर्नच्या मैदानावर, एक षटक संपून दुसरें सुरू होण्याच्या वेळीं, विराट कोहलीनें सॅम कॉन्स्टास या एकोणीस वर्षांच्या नवख्या फलंदाजास खांद्यानें धक्का दिला. शब्दास शब्द लागला, पंच मध्यें पडले आणि खेळ पूर्ववत् चालूं झाला. मागाहून सामनाधिकाऱ्यानें कोहलीच्या मानधनांतून शेंकडा २० इतकी रक्कम कापली व त्याच्या नांवें एक दोषांक मांडला. झालें ! न्याय झाला, असें समजून जो तो घरीं गेला. आमचा प्रश्न इतकाच कीं, हा न्याय झाला तरी कोणाला ? ज्याला धक्का बसला त्याच्या संघाच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं. ज्यानें धक्का दिला त्याच्या संघाचें कांहीं गेलें नाहीं. आणि ज्या पंचांच्या डोळ्यांदेखत हें घडलें, ते मात्र फिर्याद लिहून देणारे कारकून ठरले.

वास्तविक पंचांच्या हातीं दंड देण्याची तजवीज पूर्वींच झालेली आहे. क्रिकेटचे मूळ नियम करणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबानें १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू केलेल्या संहितेंत बेचाळिसाव्या नियमानें अपराधांच्या चार पायऱ्या ठरविल्या. निर्णयावर नापसंती दाखविणें किंवा अश्लील बोलणें ही पहिली. तिला आधीं ताकीद, आणि संघांतील कोणाहीकडून पुन्हां तसें घडल्यास प्रतिपक्षास पांच धांवा. दुसऱ्या खेळाडूस जाणूनबुजून गैर रीतीनें धक्का देणें ही दुसरी; तिला ताकीद नाहीं, तत्काळ पांच धांवा. मारण्याची धमकी ही तिसरी. तिला पांच धांवांखेरीज कांहीं षटकें मैदानाबाहेर काढणें. प्रत्यक्ष मारहाण ही चौथी. तिला पांच धांवा आणि उरलेल्या सामन्यांतून हकालपट्टी. आंतरराष्ट्रीय मंडळानें मात्र यांतील शेवटची पायरी तेवढी उचलली आणि पहिल्या तीन सामनाधिकाऱ्याच्या कचेरींत ठेवून दिल्या. परिणाम असा कीं, मूळ नियमांप्रमाणें चाललेल्या साध्या क्लबाच्या सामन्यांत पंचास जो अधिकार आहे, तो कसोटीच्या पंचास नाहीं. फौजदाराच्या हातीं फांशीचा दोर द्यावा आणि चोरासाठीं बेडी मात्र देऊं नये, अशांतला हा प्रकार आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो कीं, पंच चुकला तर पांच धांवांनीं सामना फिरेल. हा आक्षेप ऐकून आम्हांस हंसूं येतें. जो पंच बोट वर करून शतकाच्या उंबरठ्यावरील फलंदाजास परत पाठवूं शकतो, त्याच्यावर पांच धांवांचा भरंवसा टाकतां येऊं नये काय ?

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा आहे. खऱ्या पंचाला नियमाची काठी लागत नाहीं, त्याचा दराराच पुरतो, असें ही मंडळी म्हणतात. त्यांनीं नोव्हेंबर १९८१ मधील पर्थची कसोटी आठवावी. डेनिस लिलीनें जावेद मियांदादला लाथ मारली, मियांदादनें बॅट उगारली, आणि पंच टोनी क्राफ्टर दोघांच्या मध्यें उभे राहिले. क्राफ्टर यांच्या धैर्यांत उणें कांहीं नव्हतें. परंतु त्या क्षणीं त्यांच्यापाशीं स्वतःच्या दोन हातांखेरीज दुसरें साधन नव्हतें. लिलीला पुढें दोन एकदिवशीय सामन्यांची बंदी झाली. ती कसोटी मात्र तो पुढें खेळतच राहिला.

तिसरा आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. पंचच जर भांडखोर निघाला तर ? डिसेंबर १९८७ मध्यें फैसलाबाद येथें पंच शकूर राणा व इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग एकमेकांवर बोटें नाचवीत भांडले आणि त्यापायीं तिसऱ्या दिवसाचा सबंध खेळ बुडाला. जो पंच वादांत उतरला तो पंच उरलाच नाहीं, पक्षकार झाला, हें आम्हांस मान्य आहे. पण यावरचा उपायही नियमांतच आहे. सहकारी पंचाशीं विचारविनिमय करावा, खेळ थांबवावा, कर्णधारास बोलावून दंड सांगावा आणि पुन्हां खेळ सुरू करावा. ज्याच्यापाशीं दंड आहे, त्याला आवाज चढविण्याचें कारण उरत नाहीं.

राहतां राहिला कर्णधार. सप्टेंबर २०२२ मध्यें कोइमतूर येथें दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यांत पंचांनीं समज देऊनही यशस्वी जयस्वाल दक्षिणेच्या रवि तेजाला डिवचीत राहिला. तेव्हां पश्चिम विभागाचा कर्णधार अजिंक्य रहाणे यानें आपल्याच या खेळाडूस मैदानाबाहेर घालविलें. दुसऱ्या डावांत २६५ धांवा करणारा हा वीर ! तरी पश्चिम विभागाचें कांहीं अडलें नाहीं. त्यानें २९४ धांवांनीं सामना जिंकला. रहाणेचें कौतुक झालें, तें योग्यच झालें. परंतु याच करंडकाच्या १९९१ मधील अंतिम सामन्यांत, जमशेदपूर येथें, याच पश्चिम विभागाच्या रशीद पटेलनें यष्टी उपटून रमण लांबाच्या अंगावर चाल केली होती, हेंही विसरतां कामा नये. पटेलला तेरा व लांबाला दहा महिन्यांची बंदी झाली, पण तीही मागाहून. मैदानावरील शिस्त कर्णधाराच्या स्वभावावर सोंपविली, म्हणजे एखादे वेळीं कोइमतूर घडतें आणि एखादे वेळीं जमशेदपूर.

दंड संघाच्या धांवफलकावर पडूं लागला, तर प्रत्येक कर्णधारास रहाणे होणें भाग पडेल. लक्षाधीशाच्या खिशांतून गेलेले पैसे कोणास दिसत नाहींत. फलकावर चढलेल्या पांच धांवा अकरा जणांस बोंचतात, आणि घरीं बसून पाहणाऱ्या मुलासही दिसतात. तें मूल रविवारीं मैदानावर जातें, तेव्हां मानधन कापावयास तेथें सामनाधिकारी नसतो. असतो तो एकटा पंच, बहुधा कोणाचा तरी काका किंवा मास्तर. त्याचें मुलांनीं ऐकावें, असें वाटत असेल, तर कसोटीच्या पंचाचें कोहलीनें तेथल्या तेथें ऐकलेलें मुलांनीं आधीं पाहिलें पाहिजे. मंडळानें राहिलेल्या तीन पायऱ्या कचेरींतून बाहेर काढाव्या आणि ज्याच्या त्याच्या हातीं द्याव्या.